घरात सांगायची गोष्ट

चष्म्याचा नंबर बदलला असावा, एवढ्याच समजुतीने मी मार्च २०१७ मध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. बँकेतून निवृत्त व्हायला दोन वर्षे उरली होती. रात्री वाचताना अक्षरे जरा फिकट दिसतात, एवढीच तक्रार. अर्ध्या तासात नवा नंबर घ्यावा, कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे फ्रेम टाकावी आणि घरी जावे, असा हिशेब होता. डॉक्टरांनी नंबर तपासला, डोळ्यांतला दाब मोजला, बाहुली मोठी करणारे थेंब घालून आत बराच वेळ पाहिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी एका पांढऱ्या अर्धगोल घुमटासमोर हनुवटी टेकवून बसवले. समोरच्या स्थिर दिव्याकडे पाहत राहायचे आणि आजूबाजूला कुठेही ठिणगी चमकली, की हातातले बटण दाबायचे. मी मन लावून बटण दाबत होतो. पैकीच्या पैकी मार्क पडणार, अशी माझी खात्री होती. कागद बाहेर आला तेव्हा डाव्या डोळ्याच्या चित्रात वरच्या अंगाला एक काळा पट्टा होता. तेवढ्या भागात चमकलेल्या ठिणग्या मला दिसल्याच नव्हत्या. आणि दिसल्या नाहीत, हेही मला कळले नव्हते.

‘काचबिंदू आहे,’ डॉक्टर म्हणाले. ‘सुरुवातीचा म्हणता येणार नाही, पण वेळेत सापडला. तुम्हाला भावंडं किती?’

‘एक बहीण. धाकटी.’

‘त्यांना लवकर तपासून घ्या. चाळिशी उलटली असेल तर विनाकारण थांबू नका.’

मी ‘हो’ म्हणालो आणि ते केले नाही. आजचा हा लेख लिहायचे कारण तेच आहे.

आधी आजार समजून घेऊ, कारण त्याच्या नावापासूनच आपला घोटाळा होतो. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सख्ख्या भावांसारखी वाटतात. प्रत्यक्षात दोघांचे काही नाते नाही. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसवले, की बाकी डोळा चांगला असेल तर पुन्हा लख्ख दिसू लागते. काचबिंदूत मात्र डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी मुख्य शीर, म्हणजे दृष्टीची नस, झिजत जाते. या नसेत दहा लाखांहून अधिक बारीक तंतू असतात. एकदा तंतू मेला, की तो पुन्हा येत नाही. जगातल्या कुठल्याही इस्पितळात ती नस आज बदलून मिळत नाही. मोतीबिंदूने गेलेली नजर परत आणता येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. दोघांमधला हा फरक घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवा.

तो आम्हाला माहीत नव्हता. १९८६ साली आमच्या वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला होता आणि गावोगावच्या शिबिरांतून म्हातारी माणसे हिरवी पट्टी बांधून परतत होती. चार दिवसांनी पट्टी सुटली की त्यांना नातवंडांची तोंडे दिसत. वडिलांना दिसली नाहीत. भिंतीला हात लावून ते पाच वर्षे चालले आणि गेले. डॉक्टरने ऑपरेशन बिघडवले, असे आम्ही पुढे तीस वर्षे सांगत राहिलो. आता वाटते, त्यांच्या मोतीबिंदूच्या मागे काचबिंदू दडलेला असणार. ते तपासून पाहायची सोय आता नाही. पण त्या डॉक्टरांना आम्ही जी दूषणे दिली, त्यांतली बरीचशी बहुधा फुकटची होती.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पातळ पाणी सतत तयार होत असते. हे अश्रू नव्हेत. अश्रू बाहेर असतात, हे पाणी आत असते. ते बाहुलीतून पुढे येते आणि बुबुळाच्या कडेच्या कोनात असलेल्या बारीक जाळीतून वाहून जाते. आपल्या जुन्या न्हाणीघराची कल्पना करा. नळ बारीक चालू आहे आणि मोरीतून तेवढेच पाणी जाते आहे, तोवर सारे ठीक. मोरी तुंबली की पाणी चढते. डोळा चहूकडून बंद असल्यामुळे पाणी सांडत नाही, दाब वाढतो आणि तो मागच्या नसेवर पडतो. हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. साधारण दहा ते एकवीस हा नेहमीचा पल्ला. आपल्या रक्तदाबाशी त्याचा थेट संबंध नाही. बीपी उत्तम असलेल्या माणसाच्या डोळ्यांत दाब चढलेला असू शकतो.

मोरी दोन तऱ्हांनी तुंबते, म्हणून मुख्य प्रकार दोन. पहिल्यात मोरीचे तोंड उघडे असते, पण जाळीच आतून चोंदते. हा खुल्या कोनाचा काचबिंदू. तो वर्षानुवर्षे चालतो. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. नजर कडेकडेने जाते आणि मधली शेवटपर्यंत शाबूत राहते. म्हणून माणूस सुईत दोरा ओवतो, पोथी वाचतो, डॉक्टरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळही वाचून दाखवतो. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, उरलेले मेंदू अंदाजाने भरतो. गेलेल्या जागी काळोख दिसेल, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. आपल्या पाठीमागचे आपल्याला काळे दिसत नाही, ते दिसतच नाही, तसेच हे.

दुसऱ्या प्रकारात जाळी चांगली असते, पण बुबुळाचा पडदा पुढे सरकून मोरीच्या तोंडावर पाट ठेवावा तसा बसतो. हा बंद कोनाचा काचबिंदू. आपल्या आशिया खंडात तो युरोपातल्यापेक्षा अधिक आढळतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. पुष्कळदा हाही गुपचूप वाढतो. पण कधी कोन एकाएकी बंद झाला, तर मात्र हाहाकार होतो. डोळा लाल, कपाळ फुटेल अशी ठणक, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये, अंधूक दिसणे आणि उलट्या. उलट्यांमुळे घरचे म्हणतात, पित्त झाले. आल्याचा रस दिला जातो, अर्धशिशीची गोळी दिली जाते, सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. पन्नाशी उलटलेल्या बाईचे डोके असे दुखत असेल आणि डोळा लाल असेल, तर त्याच रात्री डोळ्यांच्या इस्पितळात न्यावे. तासातासाला नुकसान होत असते.

याखेरीज काही प्रकार आहेत. काहींचा दाब एकविसाच्या आतच असतो आणि तरी नस झिजते. म्हणून नुसता दाब मोजून ‘ठीक आहे’ म्हणणे पुरेसे नाही. डोळ्याच्या आत नस पाहावीच लागते. काहींना दुसऱ्या कारणाने काचबिंदू होतो: डोळ्याला चेंडूचा किंवा विटीचा मार, हाताबाहेर गेलेला मधुमेह, पिकून फुगेपर्यंत ठेवलेला मोतीबिंदू. ‘पिकल्यावर काढू’ हा सल्ला आता जुना झाला आहे. आणि एक कारण आपल्या औषधांच्या दुकानातच असते. डोळा खाजतो, लाल होतो, म्हणून कुणीतरी मागे लिहून दिलेले स्टेरॉइडचे थेंब आपण चिठ्ठीशिवाय आणतो. दोन दिवसांत आराम पडतो, मग ती बाटली घरातली होते. मुलांच्या ॲलर्जीला तर ती महिनोन्महिने वापरली जाते. काहीजणांच्या डोळ्यांत या थेंबांनी दाब चढतो आणि बाहेरून डोळा छान पांढराशुभ्र दिसत असताना आतली नस जाते.

शेवटचा प्रकार जन्मजात. बाळाचे डोळे मोठे असले की आपण ‘टपोरे डोळे’ म्हणून कौतुक करतो. पण तान्ह्या बाळाचे बुबुळ वाढते आहे, त्यावर धुरकट छटा आहे, डोळ्यांतून पाणी वाहते आहे आणि उजेडात ते डोळे मिटून घेते आहे, असे दिसले तर दृष्ट काढत बसू नये. त्यावर शस्त्रक्रिया लागते आणि ती लवकर लागते.

उपचारांविषयी सांगण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. यातला कुठलाही उपचार गेलेली नजर परत देत नाही. आहे ती राखतो. बँकेतल्या भाषेत सांगायचे तर ठेवीतून गेलेली रक्कम गेली. प्रश्न एवढाच, की पुढचे पैसे काढणे थांबवता येते का. बहुतेक वेळा येते. १८५७ मध्ये बर्लिनच्या फॉन ग्रेफे यांनी बुबुळाचा तुकडा कापून बंद कोनाच्या काचबिंदूवर इलाज होऊ शकतो हे दाखवले, त्याला आता दीडशेहून अधिक वर्षे झाली. त्या वेळी रोग्याला चाकू सोसावा लागे. आज तेच काम लेझरने, बाहेरच्या विभागात, काही मिनिटांत होते. बुबुळात सूक्ष्म छिद्र पाडतात, पाण्याला दुसरी वाट मिळते. कोन अरुंद आहे एवढे कळले, तरी गरज वाटल्यास हे आधीच करून ठेवतात.

खुल्या कोनासाठी सहसा थेंब देतात. टिमोलॉल १९७८ मध्ये आणि रात्री एकदाच घालायचे लॅटॅनोप्रोस्ट १९९६ मध्ये अमेरिकेत वापरात आले. आज दोन्ही आपल्याकडे सर्रास मिळतात. दम्याच्या रोग्याला टिमोलॉल चालत नाही, म्हणून डॉक्टरांना दमा असल्याचे आवर्जून सांगावे. लॅटॅनोप्रोस्टने पापण्यांचे केस लांब होतात आणि डोळ्याभोवतीची कातडी थोडी काळवंडते. माझ्या पापण्या पाहून सून थट्टा करते. थेंब एकच पुरतो. घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत.

थेंबांनी खरोखर फरक पडतो का, हे कसोटीला लावून झाले आहे. दाब वाढलेला, पण नस अजून चांगली, अशा लोकांवर अमेरिकेत झालेल्या पाहणीचा निकाल २००२ मध्ये आला. पाच वर्षांत थेंब न घालणाऱ्यांपैकी साडेनऊ टक्के लोकांना काचबिंदू जडला, घालणाऱ्यांपैकी सव्वाचार-साडेचार टक्क्यांना. स्वीडनमधल्या अभ्यासाने दाखवले, की दाब एक मिलिमीटर उतरला तरी आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो. २०१९ मध्ये ब्रिटनमधून आणखी एक निष्कर्ष आला. जाळीवर सौम्य लेझर मारून उपचारांना सुरुवात केली, तर तीन वर्षांनंतरही चारांपैकी जवळजवळ तिघांना थेंबांची गरज लागली नाही. तेव्हा लेझरबद्दल डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. एवढ्यानेही दाब उतरला नाही, तर १९६८ मध्ये इंग्लंडच्या केर्न्स यांनी रूढ केलेली शस्त्रक्रिया आहे. तीत पाण्याला नवी मोरी काढून देतात. तीही टिकली नाही तर बारीक नळी बसवतात. तशी स्वस्त नळी आता मदुराईत तयार होते.

मग अडते कुठे? थेंबांनी काही ‘बरे’ वाटत नाही, तिथे अडते. डोके दुखायचे थांबले, ताप उतरला, असे काही घडत नाही. उलट डोळा चुरचुरतो. बाटली संपते, नवी आणायची राहते, आणि न घातल्याने दुसऱ्या दिवशी काही बिघडत नाही. बँकेत माझ्या पहिल्या शाखेत एक पेन्शनर होते, वर्षानुवर्षे पासबुक भरायला न आणणारे. त्यांच्या खात्यातून घरचाच कुणीतरी दरमहा थोडे थोडे काढत होता. एकदम मोठी रक्कम गेली असती तर दुसऱ्याच दिवशी बोंब झाली असती. काचबिंदूचा व्यवहार असाच चालतो. पासबुक भरून आणणे म्हणजे डॉक्टर सांगतील तेव्हा दाब, नस आणि ती बटणाची तपासणी पुन्हा करून घेणे. दुसरा मार्ग नाही.

आता माझी गोष्ट.

आम्ही तिला अजून बेबीच म्हणतो. ती साताऱ्याकडे एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. २०१७ मध्ये तिच्या मुलीचे लग्न ठरत होते. ‘डोळ्यांचा आनुवंशिक आजार’ हे तीन शब्द त्या घरात जाऊ नयेत, असे मला वाटले. विहीणबाईंच्या कानावर गेले तर काय, ही भीती मी बायकोपुढे बोलूनही दाखवली. लग्न झाले. मग मुलीला दिवस गेले. मग म्हटले, आता कशाला घाबरवा. खरे सांगायचे तर त्यात माझा अहंकारही होता. थोरल्या भावाला काही झाले आहे, हे धाकट्या बहिणीला कळू द्यायचे नव्हते. न्हाणीघराचे दार लावून मी थेंब घालत असे.

२०१९ च्या भाऊबीजेला तिच्याकडे गेलो. ती ओवाळायला पुढे आली तेव्हा तबक पाटाच्या कडेला आपटले. अक्षतांची वाटी तिच्या उजव्या गुडघ्याशीच होती. ती मान पूर्ण वळवून शोधत होती. उठताना पाण्याचा तांब्या लवंडला. ‘हल्ली फार सांडासांड होते बाई,’ ती हसून म्हणाली, ‘मोतीबिंदू सुरू झालाय म्हणे. पिकला की काढायचा.’ ओवाळणी तिच्या तबकात घालताना माझा हात थरथरला. तिला वाटले, वयामुळे.

पुढच्या आठवड्यात मी तिला माझ्या डॉक्टरांकडे नेले. उजव्या डोळ्यात मधली नजर तेवढी उरली होती, नळीतून पाहावे तशी. डाव्या डोळ्याची अर्धी गेली होती. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी माझा जुना कागद काढला, वरची तारीख पाहिली आणि तो फाइलमध्ये ठेवून दिला. बेबीने गणित शिकवण्यात आयुष्य घालवले होते. परत येताना एसटीत ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, ‘भाऊ, अडीच वर्षं. सांगायचं होतंस रे.’ त्यानंतर या विषयावर ती एक अक्षरही बोललेली नाही.

अडीच वर्षांपूर्वी तिची नजर किती होती, हे कुणीच सांगू शकणार नाही. मी स्वतःला ती पळवाट देत नाही. जे आकडे मला तेव्हा ठाऊक नव्हते, ते मागाहून मी शोधून वाचले. हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात झालेल्या अभ्यासाने १९९८ मध्ये दाखवले, की काचबिंदूच्या रोग्याच्या सख्ख्या नातेवाइकांना आयुष्यभरात हा आजार होण्याचा धोका सुमारे बावीस टक्के असतो. इतरांना दोन-अडीच टक्के. म्हणजे नऊ-दहापट. आपल्या देशात चाळिशी उलटलेल्या सुमारे एक कोटी बारा लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. चेन्नई परिसरात आणि आंध्रात घरोघर जाऊन झालेल्या पाहण्यांत ज्यांना हा आजार सापडला, त्यांतल्या दहापैकी नऊ किंवा अधिक जणांना तोवर त्याचा पत्ताच नव्हता. एवढ्या लोकांना शोधणे सरकारला आणि डॉक्टरांना अवघड आहे. पण ज्या घरात एक रोगी सापडला, त्या घरात पुढचा कुठे शोधायचा हे आधीच ठाऊक असते. तिथे पोचायला फक्त एका माणसाने तोंड उघडायचे असते.

आपण तोंड उघडत नाही. मधुमेह आपण चारचौघांत चहा नाकारून जाहीर करतो, बीपीच्या गोळ्यांची तुलना करतो. डोळ्यांचे मात्र झाकतो. आंधळेपणाचे नाव घरात नको, लग्नाच्या मुली आहेत, नोकरीवर गदा येईल. यातली एक भीती तरी माझ्यापुरती खोटी ठरली. बेबीच्या मुलीला आईचे सारे कळले तेव्हा ती स्वतःच तपासून घ्यायला निघाली. तिचे डोळे स्वच्छ निघाले. चाळिशीनंतर नियमाने दाखवत जा, एवढेच सांगितले. आणि तिच्यासोबत तपासणीला कोण आले होते? विहीणबाई. ‘आमच्या आईचीपण नजर अशीच गेली हो,’ त्या मला म्हणाल्या, ‘कुणाला सांगायचं म्हणून सांगितलं नाही.’ दोन घरे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवून बसली होती.

बेबी आता संध्याकाळी एकटी रस्ता ओलांडत नाही. पण पोथी वाचते, नातवाला पाढे शिकवते. उरलेली नजर गेली काही वर्षे तिथेच टिकून आहे. रोज रात्री साडेनऊला तिचा फोन येतो. ‘घातले का?’ मी म्हणतो, ‘घातले. तू?’ एवढेच आमचे बोलणे.

आज रविवार. दुपारी सगळे एकत्र जेवायला बसतील. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला विचारा, डोळ्यांतला दाब आणि आतली नस शेवटची कधी तपासली? चष्म्याचा नंबर काढला, हे उत्तर धरू नका. आजी-आजोबांपैकी कुणाची नजर कशाने गेली, ते आठवून पाहा. आणि घरात कुणी न्हाणीघराचे दार लावून थेंब घालत असेल, तर त्याने आज ते जेवणाच्या पानावर सांगून टाकावे. काचबिंदू स्वतः काही बोलत नाही, तेव्हा निदान आपण तरी बोलावे.